कचऱ्याच्या फोटोत माणूस कुठे असतो?

२०१८ च्या फेब्रुवारीत औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) घरटी एक छायाचित्रकार तयार झाला. १६ फेब्रुवारीला नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीसेक वर्षं अख्ख्या शहराची घाण आपल्या उशाशी येऊन पडते आहे, विहिरींचं पाणी नासलं, माश्या आणि कुत्र्यांनी जगणं मुश्कील केलं, आता एकही गाडी आत येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. रोज चारशे टनांच्या घरात निघणारा कचरा मग निघाला तिथेच साचू लागला. ७ मार्चला मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. पोलीस आयुक्त सक्तीच्या रजेवर गेले, महापालिका आयुक्तांची बदली झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गाजत राहिलं.

पुंडलिकनगर ही एरवी पाण्याच्या टाकीमुळे आणि पाण्यासाठीच्या आंदोलनांमुळे बातमीत येणारी वसाहत. त्या उन्हाळ्यात मात्र तिथेही, शहरातल्या इतर वसाहतींसारखीच, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या ढिगांची चर्चा होती. लोकांनी मोबाइल काढले, फोटो घेतले, नगरसेवकाला पाठवले, वॉर्डाच्या ग्रुपवर टाकले. त्यांचा राग रास्त होता आणि फोटोही खरे होते. पण ते फोटो आज आठवून पाहिले तर एक गोष्ट खटकते. त्यांत ढीग आहे, धूर आहे, कुत्री आहेत, शाळेच्या भिंतीलगतच्या काळ्या पिशव्या आहेत. ढिगात हात घालणारा माणूस क्वचितच आहे. असला तरी फावड्यामागे, पाठमोरा. कचरा शहराला दिसला तो उचलला गेला नाही म्हणून. जोवर उचलला जात होता तोवर कचराही दिसत नव्हता आणि उचलणाराही.

नेमक्या या न दिसणाऱ्या काळाचे फोटो काढण्यात सुधारक ओलवे यांची उमेदीची वर्षं गेली. मूळचे अकोल्याचे ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागले. मोठ्या वर्तमानपत्रांत ते होते. मंत्री, अपघात, पाऊस, क्रिकेट, मोर्चे, संध्याकाळच्या आत डेस्कवर फोटो पोचवायचा, हे सगळं त्यांनी केलं. त्याच धबडग्यात नव्वदीच्या अखेरीस ते महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले. मुंबईत त्या काळी असे सुमारे तीस हजार कामगार होते आणि त्यांतले जवळजवळ सगळे दलित. रस्ते झाडणं, गाड्या भरणं, मेलेली जनावरं उचलणं, गटारात उतरणं, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर राबणं ही सगळी कामं त्यांच्या वाट्याची. ओलवे त्यांच्या मागे चौक्यांवर गेले, गटारांच्या तोंडाशी उभे राहिले, पाळी संपल्यावर वसाहतींतल्या खोल्यांत जाऊन बसले. या कामाचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. इंग्रजीतल्या त्या पुस्तकाच्या नावात ‘प्रतिष्ठा आणि न्याय’ हे दोन शब्द आहेत. नव्वदीच्या अखेरीस सुरू झालेलं काम पुस्तक व्हायला इतकी वर्षं लागावीत, यावरून या व्यवसायाचा वेग कळतो.

वृत्तछायाचित्रकाराची सगळी कमाई अचूक वेळी हजर असण्यात असते. दस्तऐवजी छायाचित्रकाराची कमाई काही घडत नसतानाही परत जाण्यात असते. हा फरक कागदावर साधा दिसतो. प्रत्यक्षात तो नोकरी, पैसा, घरच्यांचा धीर अशा सगळ्याला भिडतो. गटारात माणूस मेला तर कुठल्याही वर्तमानपत्राला फोटो हवा असतो. तोच माणूस आदल्या मंगळवारी त्याच गटारात उतरून जिवंत वर आला, तर त्या फोटोला गिऱ्हाईक नसतं. ओलवे यांच्या कामातला मोठा वाटा या आदल्या मंगळवारांचा आहे.

त्या फोटोंत घाणीपेक्षा घर अधिक बोलतं, असं या लेखकाचं मत आहे. गळ्यापर्यंत मैल्यात बुडालेला माणूस पाहून कुणीही हादरेल आणि तो फोटो गाजणारच. पण महापालिकेच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाटेवर आजारी नवरा, दाराशी मुलगा असा फोटो पाहताना वेगळाच प्रश्न पडतो: नवरा गेल्यावर या खोलीचं काय? उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक सफाई कामगाराला पाठ आहे. सत्तरच्या दशकातल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळते. कायमची नोकरी, पगार, राहायला जागा. नवरा गेला की बायको झाडू उचलते, नाहीतर मुलगा. शिकलेला मुलगाही खोली जाऊ नये म्हणून सही करतो. दयेपोटी केलेल्या एका तरतुदीने जात आणि धंदा यांची गाठ पुढच्या पिढीसाठी पुन्हा आवळली, आणि तरीही ती तरतूद काढून घ्या असं म्हणण्याचा अधिकार त्या खोलीबाहेरच्या कुणालाच नाही. ही गुंतागुंत एका फोटोत मावत नाही. त्याच घरी पाच वर्षांनी पुन्हा गेलं, तर दोन फोटोंच्या मधल्या जागेत ती दिसू शकते.

छायाचित्रकार कुणासाठी फोटो काढतो, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या स्टुडिओने औरंगाबाद भागातल्या दुष्काळ निवारणाच्या कामांची छायाचित्रं टिपली. हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीने बसवलेली आहेत आणि मदतीची व्यवस्थाही चौकटीत नीट आली आहे. चित्रं उत्तम आहेत. दीनदयाळांच्या कसबाबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण तो फोटो सरकारने सरकारसाठी काढून घेतलेला आहे आणि त्यातला भुकेला माणूस कारभाराच्या कार्यक्षमतेचा साक्षीदार म्हणून बसला आहे. त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मरणासन्न माणसांचे गट मांडून फोटो घेतले होते आणि त्यावर त्याच्याच देशात टीका झाली होती. १८७० च्या दशकातला हा वाद आजही मिटलेला नाही.

याच परंपरेत एक वेगळी वाट काढणारा मराठी माणूसही आहे. मुंबईचे नारायण विनायक विरकर १९१९ च्या हत्याकांडानंतर अमृतसरला गेले आणि जालियनवाला बागेचे फोटो त्यांनी घेतले. प्रेतं तोवर उचललेली होती, रक्त वाळलेलं होतं. घटना हातातून गेली होती. विरकरांनी काय केलं, तर भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांशेजारी माणसं उभी केली. खुणा किती उंचीवर आहेत, किती दाट आहेत, हे त्यामुळे मोजता येतं. माणूस तिथे मापपट्टीही आहे आणि साक्षीदारही. ओलवे यांचं नातं दीनदयाळांपेक्षा विरकरांशी जवळचं आहे, असं म्हणायला जागा आहे. घटना टिपण्याची घाई नाही, आणि ज्याला बाकीचे लोक भिंत समजतात तिच्याकडे पाहायला लावण्याचा हट्ट आहे.

आता नेहमीचा आक्षेप. या फोटोंनी बदललं काय? प्रदर्शनं झाली, मुंबईत आणि परदेशातही. नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात ओलवे निवडले गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गटारात उतरणारा मात्र उतरतोच आहे. फोटो काढणाऱ्याच्या छातीवर पदक आणि फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर टोपली, असा हा टोमणा आहे. तो सवंग आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

पण फोटोकडून आपण कोणत्या प्रकारच्या बदलाची अपेक्षा करतो, हे आधी ठरवायला हवं. अमेरिकेत लुईस हाइन या शाळामास्तराने १९०८ पासून बालमजुरांचे फोटो काढले. गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने. मालक आत येऊ देत नसत म्हणून तो कधी विमा एजंट, कधी यंत्रांचे फोटो काढणारा बनून जाई. मुलांची नावं, वयं, उंची खिशातल्या वहीत टिपून घेई. हाइनच्या फोटोंनी बालमजुरी संपवली असं पाठ्यपुस्तकं सांगतात. तारखा वेगळं सांगतात. बालमजुरीला खीळ घालणारा टिकाऊ संघीय कायदा आला १९३८ साली, म्हणजे तीस वर्षांनी, आणि त्यामागे कामगार संघटना, मंदी, राजकारण असं बरंच काही होतं. हाइन स्वतः १९४० मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. तरीही त्या वहीतल्या नोंदींशिवाय हा लढा लढणाऱ्यांच्या हाती काय राहिलं असतं? ‘आमच्या गिरणीत लहान मुलं नाहीत’ असं म्हणणाऱ्या मालकापुढे ठेवायला कागद राहिला नसता.

आपल्याकडची लढाईही नेमकी या ‘नाहीत’ शब्दाशी आहे. हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. तो अपुरा ठरला म्हणून दुसरा कायदा झाला, तो ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. महापरिनिर्वाणदिन कुणीतरी मुद्दाम निवडला असणार. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. या दोन निकालांच्या मधे, जुलै २०२१ मध्ये, सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत उत्तर दिलं की, हाताने मैला साफ करताना कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी त्याच सरकारने लोकसभेत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसं गेल्याचं सांगितलं होतं. दोन्ही उत्तरं कायद्याच्या व्याख्येत बसतात. ‘हाताने मैला साफ करणं’ वेगळं आणि ‘गटाराची धोकादायक सफाई’ वेगळी. मरणारा माणूस एकच, रकाने दोन. हे उत्तर दलित पँथरच्या चळवळीतून वर आलेल्या नेत्याच्या तोंडून यावं, ही कडवट गोष्ट आहे.

व्याख्येची ही चलाखी शब्दांनी उघडी पाडता येते, पण शब्दांना शब्द पुरतात. समिती अहवाल देते, मंत्रालय खुलासा देतं, वकील परिच्छेदावर बोट ठेवतो. हातात बादली, अंगावर फक्त चड्डी, तोंडाला फडकंही नाही आणि मागे महापालिकेची गाडी उभी असा फोटो कुठल्या रकान्यात टाकायचा, हे ठरवणं मात्र जड जातं. ओलवे यांच्या कामाचं मोल ही अडचण उभी करण्यात आहे. बदल घडवला तो इतरांनी. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं खटले लढवले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. हा विजय संघटनेचा आहे. फोटोला त्याचं श्रेय देणं हा संघटनेवर अन्याय होईल, आणि फोटोवरही, कारण पुढच्या वेळी निकाल विरोधात गेला की फोटो हरला असं म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांच्यावर १९९१ मध्येच ‘न्यूयॉर्कर’मधून कडक टीका झाली होती: तुम्ही दुःख इतकं देखणं करता की पाहणारा त्या देखणेपणातच रमतो. धनबादच्या कोळसा खाणींपासून चर्चगेट स्थानकाच्या गर्दीपर्यंत सालगादोंनी भारतातही पुष्कळ काम केलं, त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही. ओलवे यांचं सफाई कामगारांवरचं कामही कृष्णधवल आहे, आणि इथे त्यांच्या चाहत्यांनीही थोडं थांबायला हवं. रंग काढून टाकला की मैला चिखल होतो. पाहणाऱ्याला नजर वळवावी लागत नाही. ही सवलत आहे, आणि ती फोटोतल्या माणसाला मिळालेली नाही. वास तर फोटोत येतच नाही. तो घालवायला या कामात किती जण दारूकडे वळतात, हे त्या वसाहतींत कुणालाही विचारावं.

दुसरं असं की, रंग गेला की काळही जातो. फोटो १९६५ चा की २००५ चा, पटकन कळत नाही. एरवी हा दोष म्हटला असता. इथे मात्र तो दोष वस्तुस्थितीला धरून आहे, कारण झाडू, टोपली, घमेलं, बांबू, उघडे हात या साधनांत त्या चाळीस वर्षांत फारसा फरक पडलाच नव्हता. मेरी एलन मार्क या अमेरिकी छायाचित्रकार स्त्रीने मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीचं १९८१ मधलं पुस्तक भडक रंगांत केलं, कारण तिथल्या पडद्यांचे, भिंतींचे, ओठांचे रंग हीच त्या जागेची भाषा होती. ओलवे यांनीही कामाठीपुऱ्यात दीर्घकाळ काम केलं आहे. दोघांची तुलना करताना रंगाच्या निवडीपेक्षा मुक्कामाचा प्रश्न मोठा ठरतो. परदेशी छायाचित्रकाराला परतीचं तिकीट असतं. ओलवे यांना त्याच शहरात राहायचं होतं. ज्याचा फोटो काढला तो माणूस पुढच्या आठवड्यात दादरच्या पुलावर भेटू शकत होता. याने माणूस आपोआप चांगला छायाचित्रकार होत नाही, पण जबाबदार राहण्याची सक्ती मात्र होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि त्यावर वाद घालताना मराठी वाचकाने विशेष सावध असावं. घाणीत उभ्या माणसाचा फोटो काढणं हाच त्याचा अपमान नाही का? पुण्यात रंगकर्मी अतुल पेठे यांनी २००७ मध्ये ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला. पुढे महापालिकेच्या सफाई कामगारांनाच घेऊन त्यांनी गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ हे नाटक रंगमंचावर आणलं. कामगार घाणीत दाखवायचा की जोतीराव-सावित्रीबाईंच्या भूमिकेत? पेठे यांनी दोन्ही केलं, आणि क्रमही तोच ठेवला. आधी कोंडी दाखवली, मग रंगमंच दिला. ओलवे यांनी जातीय अत्याचारात घरचं माणूस गमावलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांचेही फोटो काढले आहेत. त्यांत अत्याचाराचं दृश्य नाही. घर आहे, गेलेल्याची तसबीर आहे, समोर बसलेले आईवडील कॅमेऱ्याकडे थेट पाहतात. अशा वेळी फोटो काढू देणं हा त्या माणसाचा निर्णय असतो, आणि बऱ्याचदा तो न्यायालयातल्या तारखांपेक्षा त्याच्या जास्त ताब्यात असतो. सगळी अप्रतिष्ठा फोटोत आहे आणि फोटोआधीच्या आयुष्यात ती नव्हती, असं समजणारा आक्षेप बहुधा त्या आयुष्यापासून लांब राहणाऱ्यांचाच असतो.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र छायाचित्रकारांना सुनवायलाच हवी. फोटोखालची ओळ. ‘मुंबई, सफाई कामगार’ एवढंच लिहिलं की माणूस पुन्हा नमुना होतो. दीनदयाळांच्या दुष्काळपीडितांना आपण नावाने ओळखत नाही. हाइनच्या मुलांना ओळखतो, त्यांतल्या काहींच्या नातवंडांपर्यंत पोचलेले संशोधकही आहेत. दिनांक, ठिकाण, काम कायम की कंत्राटी, संमती कशी घेतली, आणि माणसाची इच्छा असेल तर नाव, एवढं सोबत नसेल तर फोटो पुरावा म्हणून अर्धाच उरतो. आणि पुरावा टिकवायलाही जागा लागते. दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेतल्या म्हणून आज त्यांवर अभ्यास होऊ शकतो. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आपला संग्रह दिल्लीच्याच अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपवला. नव्वदीतला फिल्मवरचा वृत्तछायाचित्रकार आज साठीला आलाय. त्याच्या कपाटातल्या निगेटिव्हना मुंबईची दमट हवा खाते आहे. महाराष्ट्रातलं एखादं विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचं घेतलं तरी चालेल, ज्याच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं माणसं रस्त्यावर होती, त्याने आंबेडकरी चळवळीच्या आणि दलित श्रमाच्या छायाचित्रांचा असा संग्रह उभारायला हवा. तो उभारण्याइतका खर्च एखाद्या स्वागतकमानीवर सहज होतो.

अलीकडे या व्यवसायाची मांडणीच बदलते आहे. तामिळनाडूत एम. पलनी कुमार हा तरुण ‘कक्कूस’ या २०१७ च्या माहितीपटासाठी सफाई कामगारांमध्ये फिरला आणि पुढे गटारमृत्यूंचे फोटो काढत राहिला. शिवाय त्याने या कामगारांच्या मुलांना कॅमेरा शिकवायला घेतला. ओलवे यांचीही छायाचित्रण शिकवण्यासाठीची संस्था आहे. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की आता बाहेरच्या छायाचित्रकाराची गरज संपली, वस्तीच स्वतःचे फोटो काढेल. निम्मं खरं आहे. घराच्या आतलं जे त्या मुलांना दिसेल ते कुठल्याही पाहुण्याला दिसणार नाही. पण गटारात बाप गेला त्या रात्री पोलीस ठाण्यात कंत्राटदाराचं नाव लिहून घ्यायला नकार मिळतो, तेव्हा ज्याचा फोन संपादक उचलतो असा कुणीतरी तिथे लागतो. ही ताकद ओलवे यांच्या पिढीने तीस वर्षांच्या नोकरीतून कमावली. ती त्या मुलांपर्यंत कशी पोचवायची, संपादकाचा नंबर कॅमेऱ्यासोबत कसा द्यायचा, यावर कुणी कार्यशाळा घेतलेली अजून दिसत नाही.